फॅशन शो करा हो, पण आधी आमच्या सुताचा नंबर तपासून द्या

टेक्स्टाइल किंवा फॅशनच्या कॉलेजचा विषय निघाला की लोक दोनच गोष्टी विचारतात. प्लेसमेंट किती झाली आणि यंदाचा फॅशन शो कसा झाला. आमच्यासारख्या दहा साध्या मागांच्या खर्चीवाल्याचा प्रश्न निराळा असतो. माझ्या मागावर तार सारखे तुटतायत, ते कुणामुळे?

इचलकरंजीच्या बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. खर्चीवाला म्हणजे मजुरीवर कापड विणून देणारा. सूत व्यापाऱ्याचं, बीम (ताण्याच्या धाग्यांचा रूळ) सायझिंगमधून, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यातून, भरून येतं, माग आणि कामगार आमचे. मजुरी मीटरवर, तीही पिकाच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या संख्येच्या, हिशोबाने. कापड तपासणीला गेलं आणि त्यात दोष निघाले की पैसे कापले जातात. आता दोष कुणाचा? व्यापारी म्हणतो माग जुने. सायझिंगवाला म्हणतो सूत हलकं. सूतवाल्याला विचारायला तर आपण जातच नाही, कारण त्याच्याशी आपला व्यवहारच नसतो. कापले जातात ते मात्र आमचेच पैसे, कारण साखळीत शेवटी आम्ही आणि हातात पुरावा काही नाही.

हा पुरावा कॉलेजच्या लॅबमध्ये पडून आहे. चाळीस नंबरचं म्हणून दिलेलं सूत खरंच चाळीसचं आहे का (नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक), त्याची ताकद किती, पीळ किती, सायझिंगमध्ये खळ किती चढली, हे सगळं काढायची यंत्रं कुठल्याही बऱ्या टेक्स्टाइल कॉलेजात असतात. पोरं त्यावर प्रॅक्टिकल करतात, जर्नल पूर्ण करतात आणि दुपारनंतर खोलीला कुलूप. त्याच खोलीतून एक पानाचा, सही-शिक्क्याचा रिपोर्ट मला मिळाला तर व्यापाऱ्यासमोर मी वेगळ्या आवाजात बोलेन. स्टार्टअप सेल, इनक्युबेशन सेंटर वगैरे ठीक आहे. लहान धंद्याला कॉलेजकडून सगळ्यात आधी हवा आहे तो पंच.

कॉलेज आणि कारखाना हे नातं आपल्याकडे नवं नाही. मुंबईत व्हीजेटीआय हे तांत्रिक शिक्षणाचं कॉलेज १८८७ साली उभं राहिलं ते गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, आजची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), तेव्हा सुरुवातीच्या विषयांत कापडाचं रसायनशास्त्र होतं. गिरणीमालकांना रंग बसवणारे, यंत्र समजणारे लोक हवे होते, म्हणून पैसा आणि शिक्षण एकत्र आलं. यंत्रमागवाल्याच्या वाट्याला असं काही फार उशिरा आलं. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ सालचा, जहागीरदार घोरपड्यांच्या प्रोत्साहनाने बसलेला. टेक्स्टाइलचं कॉलेज, म्हणजे आपलं डीकेटीई, निघालं १९८२ साली. मधे जवळजवळ ऐंशी वर्षं हा धंदा लोक एकमेकांचं बघून शिकले. गंमत अशी की कॉलेज भरतं ते घोरपड्यांच्याच राजवाड्यात.

डीकेटीईचं एक मला मनापासून पटतं. ते गावातल्याच लोकांनी, धंद्याच्या गरजेतून काढलं. तिथून शिकलेली कितीतरी पोरं आज इथल्याच शटललेस लूमच्या (धोट्याशिवाय चालणाऱ्या आधुनिक मागांच्या) शेडमध्ये, कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसमध्ये जबाबदारीच्या जागांवर आहेत. रॅपियर आणि एअरजेट हे असले माग गावात आले तेव्हा ते समजून घेणारी माणसं गावातच होती, ही लहान गोष्ट नव्हे. नॉनवोव्हनचं, म्हणजे न विणता बनवलेल्या कापडाचं, सेंटर ऑफ एक्सलन्सही तिथे आहे. पण त्याचा फायदा होतो मोठ्या, भांडवल असणाऱ्या कारखानदाराला. दहा मागवाला त्या दारापर्यंत जातच नाही. दार बंद असतं असं नाही, आत जाऊन बोलायचं काय हेच त्याला कळत नाही.

दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी स्वतः गेलो होतो, नाव घेत नाही. त्यांनी चहा पाजला, करारावर सही घेतली, बॅनरपुढे फोटो काढला. फोटो त्यांच्या मूल्यांकनाच्या फाईलला लागला असणार. त्यानंतर फोन आला तो पोरांच्या ऑन जॉब ट्रेनिंगच्या पत्रावर शिक्का मारून देता का, हे विचारायला. पोरं आली नाहीत तरी चालेल म्हणाले! नवीन शैक्षणिक धोरणाने डिग्रीत कामाच्या अनुभवाला गुण दिले, चांगलं केलं. पण पोरगं आठ दिवस जॉबरच्या, म्हणजे माग जुळवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या, मागे उभं राहिलं नाही तर त्या गुणांना काय अर्थ?

फॅशनवाल्यांशी माझं थोडं भांडण आहे. इचलकरंजीचं कोरं पॉपलिन राजस्थानात पाली-बालोतऱ्याला जातं, तिथे रंगून बाजारात येतं, आणि गिऱ्हाईकाला आमच्या गावाचं नावही कळत नाही. सोलापूरच्या चादरीला तरी जीआय, म्हणजे त्या गावचा माल असल्याचं भौगोलिक मानांकन, मिळालं, तरी पानिपतचा माल सोलापुरी म्हणून विकला जातो ही तिथल्या कारखानदारांची जुनी तक्रार आहेच. येवल्याच्या पैठणीची दशा वेगळी नाही. हे सगळं उशाला असताना शेवटच्या वर्षाचं कलेक्शन कशावर? समुद्रतळ, अंतराळ, नाहीतर इजिप्त. अहो, सोलापुरात शाळेच्या गणवेशांचा एवढा मोठा धंदा आहे. वाढत्या वयाच्या पोराला दोन वर्षं पुरेल असा गणवेश कसा बेतायचा, उन्हाळ्यात न चिकटणारं आणि परवडणारं कापड कुठलं, यावर एक वर्ष घालवा की. परकर, दवाखान्यातल्या चादरी, नऊवारीचं रोजच्या वापराचं कापड. रॅम्पवर दिसणार नाही, पण विकलं जाईल.

कच्छमध्ये आदिपूरला सोमैया कला विद्या आहे. तिथे विद्यार्थी कोण? विणकर, बांधणीवाले, अजरखचे (ठशांच्या छपाईचे) कारागीर, म्हणजे ज्यांचा धंदा आहे तेच. थोड्या थोड्या दिवसांची सत्रं, मधल्या काळात घरी जाऊन आपल्याच मागावर करून बघायचं. महेश्वरला हॅण्डलूम स्कूलमध्येही तरुण विणकरांना डिझाइनबरोबर धंद्याचं शिक्षण देतात. दोन्ही हातकामाची ठिकाणं आहेत, यंत्रमागाला जशीच्या तशी लागू होणार नाहीत. पण शिकणाऱ्याच्या सोयीने वर्ग ठेवायचा, एवढं उचलायला हरकत काय? आमचा जॉबर बारा तासांच्या पाळीत असतो, बरेचदा बिहार-यूपीचा असतो. त्याला सकाळी अकराचं इंग्रजी लेक्चर काय कामाचं? सुट्टीच्या दिवशी, हिंदी-मराठीत, चालत्या मागापुढे उभं करून इलेक्ट्रॉनिक डॉबी (मागावर नक्षी विणणारं साधन) शिकवा. फी घ्या. चांगला जॉबर मिळावा म्हणून मालक आनंदाने भरतील.

आता आमच्याकडे बघू. डिझाइन करून देणाऱ्या पोरीला पैसे द्यायची वेळ आली की आम्ही म्हणतो, "अगं, शिकतीयस अजून, अनुभव मिळतोय की." नमुना विणायला एक माग दोन दिवस मोकळा ठेव म्हटलं की जीव वरखाली होतो. कॉलेजने रिपोर्ट दिला आणि त्यात चूक आमच्याच मागाची निघाली, तर तो रिपोर्ट कितीजण खिशातून बाहेर काढतील? मालकाचं पोरगं स्वतः टेक्स्टाइलला जात नाही, कॉम्प्युटरला जातं. प्राध्यापकांनी कशाच्या जिवावर उत्साह धरायचा?

तरीही सुरुवात कॉलेजकडूनच व्हायला हवी असं मला वाटतं, कारण पगार त्यांचा दर महिन्याला होतो आणि यंत्रं त्यांची उभी आहेत. मागणीही मोठी नाही. लॅबच्या बाहेर मराठीत दरपत्रक लावा: सुताचा नंबर इतके रुपये, ताकद इतके, खळ इतके, रिपोर्ट किती दिवसांत. आठवड्यातून एक संध्याकाळ लहान मागवाल्यांसाठी ठेवा. आमच्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत मी हेच मांडणार आहे, आणि सोबत हेही की पहिल्या वर्षी तपासणीचा निम्मा खर्च संघटनेने उचलावा. विरोध होईल, माहिती आहे. ज्यांचे माग आहेत त्यांनी खाली लिहा, तुमचे पैसे शेवटचे कधी आणि कुठल्या दोषापायी कापले गेले. बैठकीला जाताना ती यादी बरोबर न्यायची आहे.