मेजर कोणता घेऊ, मावशी?

गेल्या रविवारी माझी भाची घरी आली ती उतरलेल्या चेहऱ्यानेच. एफ.वाय. बी.ए.ला ग्रेड चांगले आहेत, काळजी त्याची नव्हती. एस.वाय.चा फॉर्म भरायचा होता आणि त्यात मेजर, मायनर म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषय लिहायचा होता. मुदत चार दिवस.

ज्यांच्या घरात सध्या कुणी कॉलेजात नाही त्यांच्यासाठी सांगते. नवीन शैक्षणिक धोरण आपल्याकडे संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत आता पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाचे असतात. दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर करायचा आणि तिसरा सोडून द्यायचा. आमच्या वेळी यालाच 'स्पेशल' म्हणायचे. "तुझं स्पेशल काय?" हा प्रश्न लग्नाच्या बैठकीतसुद्धा विचारला जायचा. भाचीचे तीन विषय अर्थशास्त्र, भूगोल आणि मराठी.

घरच्यांचे सल्ले देऊन झाले होते. दाजींचं म्हणणं, अर्थशास्त्र घे, एमपीएससीला उपयोगी पडतं. चुलतभाऊ म्हणाला, मराठी घे, मार्क पडतात. आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, "बी.ए.च तर करायचंय, कोणताही घेतला तरी सारखंच." मला हे शेवटचं वाक्य फार लागलं. कारण हेच वाक्य मी २००२ साली ऐकलं होतं, आणि ते खरं मानून चालले होते.

मला भूगोल हवा होता. शाळेपासून नकाशे काढायची हौस होती. पण भूगोल स्पेशल घेतला की प्रॅक्टिकल दुपारी. आमच्या गावाकडे जायला पावणेदोनची एसटी, त्यानंतर थेट सहाची. हिवाळ्यात सहाच्या गाडीने उतरलं की फाट्यापासून अडीच किलोमीटर अंधारात चालायचं. अण्णा वाईट माणूस नव्हते. ते एवढंच म्हणाले, "बाळा, प्रॅक्टिकल नसलेला विषय घे." इतिहासाला प्रॅक्टिकल नव्हतं, म्हणून मी इतिहास घेतला. पुढे बी.एड. केलं, आज हायस्कूलला शिकवते. इतिहास घेतल्याचं मला दुःख नाही. दुःख याचं आहे, की त्या तीन वर्षांत या विषयातून काय काय करता येतं हे मला कुणी दाखवलं नाही, आणि मीही विचारलं नाही. गाईड आणायचं, प्रश्न पाठ करायचे, पेपर द्यायचे, एवढंच केलं.

माझ्याच बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीने मात्र विचारलं. एस.वाय.ला असताना आमच्या सरांनी एकदा वर्गात मोडी लिपीतलं एक जुनं पत्र आणलं होतं. आम्ही सगळ्यांनी ते हातात घेऊन पुढे सरकवलं. ती मात्र तास संपल्यावर सरांच्या मागे गेली. पुढे तिने पुराभिलेख विभागाचा मोडीचा दहा दिवसांचा वर्ग केला. दहा दिवसांत मुळाक्षरं आणि थोडे जोड कळतात, तेवढ्याने वाचन येत नाही. वाचन तिला आलं ते घरातल्या ट्रंकेतल्या कागदांवर दोन वर्षं रोज तासभर बसल्याने. मग ती वकिलांना जुने जमिनीचे कागद वाचून देऊ लागली. नोकरी नव्हती ती, पण हाताला काम होतं.

२०२३च्या दिवाळीच्या सुमारास सरकारने कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली. न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती, सगळ्या जिल्ह्यांत जुनी दप्तरं बाहेर निघाली, आणि तेव्हा लक्षात आलं की कितीतरी नोंदी मोडीत आहेत आणि वाचणारी माणसं मोजकीच. मैत्रिणीला बोलावणं आलं. एक दिवस मीही तिच्यासोबत गेले होते. तिच्यापुढे गाव नमुना चौदाचं रजिस्टर होतं, जन्म-मृत्यूची नोंद असते ते. कागद इतका कुरकुरीत, की पान उलटताना ती खाली पोस्टकार्ड सरकवायची. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग तिला अक्षरं टांगत जातात, हात फारसा न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, लिहिणाऱ्याची घाई तेवढी दिसते. समोर एक आजोबा पिशवीत कागद घेऊन बसले होते. तिने बोट ठेवून वाचलं: पणजोबांचं नाव, बापाचं नाव, जातीचा रकाना. आजोबांनी तीच ओळ तिच्याकडून तीनदा वाचून घेतली.

आम्हा दोघींची पदवी एकच, गुणपत्रिकेत माझे टक्के तिच्यापेक्षा जास्त. पण त्या टेबलावर मला त्या पानातलं एक अक्षर लागत नव्हतं.

म्हणून "या विषयाला स्कोप आहे का" असं कुणी विचारलं की मी आता उलट विचारते, की या विषयातलं कोणतं काम तू हाताने करायला शिकणार आहेस? बी.ए.च्या मुलांना हा प्रश्न कुणी विचारत नाही. आयटीआयच्या मुलाला विचारतात, नर्सिंगच्या मुलीला विचारतात. आर्ट्सवाल्यांना मात्र 'ज्ञान मिळतं' असं सांगून पाठवून देतात.

भाचीला मी त्या दिवशी सल्ला दिला नाही. ओट्यावर बसवलं आणि तिच्याच फोनवर विद्यापीठाच्या साइटवरून टी.वाय.पर्यंतचे अभ्यासक्रम उतरवून घेतले. पाचव्या-सहाव्या सेमिस्टरला कोणते पेपर आहेत ते तिला वहीत लिहायला लावलं. तीन विषयांची तीन पानं झाली. मराठीच्या पानावर भाषाविज्ञान आणि साहित्यशास्त्र आलं तेव्हा ती म्हणाली, "हे तर दादा म्हणत होता तेवढं सोपं नाहीये." नाहीच. मराठी सोपी म्हणून घेणाऱ्या मुलांची टी.वाय.ला काय अवस्था होते ते मराठीच्या कोणत्याही प्राध्यापकांना विचारा. आणि जे आवडीने घेतात त्यांना अनुवाद, संपादन, मुद्रितशोधन, पाठ्यपुस्तकांचं काम, सबटायटल्स असं बरंच करता येतं, पण त्यासाठी पदवीच्या जोडीला रोजचं लिहिणं-वाचणं लागतं आणि इंग्रजी-हिंदीपैकी एक तरी भाषा पक्की लागते. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण मराठी मेजर घेणाऱ्या मुलीला आपण आजही "काही दुसरं नाही मिळालं का" असंच विचारतो.

दुसऱ्या दिवशी तिला तीन कामं दिली. मराठीसाठी एक ललित लेख वाचून त्यावर पानभर लिहायचं. अर्थशास्त्रासाठी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' काढून दिली, दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी येते ती, आणि म्हटलं, शेतीच्या प्रकरणातला एक तक्ता मला समजावून सांग. भूगोलासाठी आमच्या भागाचं टोपोशीट दिलं, भारतीय सर्वेक्षण विभागाचं, एकास पन्नास हजार प्रमाणाचं, दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. म्हटलं, यात आपलं गाव शोध.

लेखावर तिने पान नीट लिहिलं. तक्ताही समजावून सांगितला, पण मधे दोनदा घड्याळ पाहिलं. नकाशा घेतला आणि ती जेवायला आली नाही. आधी देऊळ सापडलं, मग शाळा, मग टेकडी. टेकडीच्या एका अंगाला समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, एकमेकींना चिकटल्या होत्या, म्हणजे तिथे उभा चढ. "इकडूनच आपण चढायचं टाळतो ना, मावशी?" थोड्या वेळाने तिने हाक मारली. "आपला ओढा काळ्या रेषेत का दाखवलाय? नदी तर निळी आहे." मी सांगितलं, ज्या ओढ्याला बारमाही पाणी नसतं तो काळ्या रेषेत दाखवतात. त्यावर ती म्हणाली, "पण आजी म्हणते पूर्वी मार्चपर्यंत पाणी असायचं. मग हा सर्व्हे कोणत्या वर्षीचा? आणि आता केला तर ही रेषा कुठवर निळी निघेल?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि मला त्याचाच आनंद झाला. आपल्याच नगर जिल्ह्यात हिवरे बाजार या गावी दरवर्षी पावसाचं मोजमाप करून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून कोणती पिकं घ्यायची ते ठरवतात. ते काम करायला माणसं लागतात. नकाशा वाचणारी, जीआयएस म्हणजे संगणकावर नकाशे करायचं तंत्र येणारी, विहिरीची पातळी मोजून तक्त्यात भरणारी. क्यूजीआयएससारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. हे सगळं बी.ए.च्या भूगोलवाल्या मुलीच्या आवाक्यातलं आहे.

दाजींच्या एमपीएससीबद्दलही बोलायला हवं, कारण घरोघरी विषय त्यावरूनच ठरतो. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, १७५० गुणांची, आणि त्यात वैकल्पिक विषयाचे दोन पेपर मिळून ५०० गुण आहेत. म्हणजे मेजर विषय मनापासून वाचलेला असेल तर त्याचा आता उपयोग आहे, पूर्वीच्या बहुपर्यायी प्रश्नांच्या पद्धतीत नव्हता तेवढा. पण वैकल्पिक विषयांच्या यादीत अर्थशास्त्र आहे तसा भूगोल आहे, इतिहास आहे, राज्यशास्त्र आहे, मराठी साहित्यही आहे. एमपीएससीसाठी अर्थशास्त्रच घ्यायला हवं असं काही नाही. जागा काही शे आणि बसणारे लाखोंनी, हे गणित तर आपल्याला पाठ आहे. जो विषय परीक्षा निघाली नाही तरी आपल्याजवळ राहील, तो घ्यावा.

अर्थशास्त्र ज्यांना खरंच आवडतं त्यांनी जरूर घ्यावं, पण गणित आणि संख्याशास्त्राला पाठ दाखवू नये. पुढे गोखले इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी एम.ए.ला जायचं तर गणिताशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि आमच्या तालुक्यातली मुलं नेमकी तिथेच मागे पडतात.

मानसशास्त्राची सध्या मुलींमध्ये खूप ओढ आहे. विषय सुंदर आहे. पण बी.ए. झालं म्हणजे समुपदेशक झालो, असा समज करून कुणी घेऊ नका. एम.ए. करावं लागतं, आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचं तर त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. इतकी वर्षं आणि इतका खर्च घरच्यांना आधी सांगून ठेवा. शिक्षक व्हायचं असेल त्यांनी बी.एड.चं पाहून घ्या. खुल्या वर्गाला पदवीला ५० टक्के लागतात. आणि तत्त्वज्ञान, मानसशास्त्र हे विषय दहावीपर्यंत शाळेत नाहीतच. भाषा, इतिहास, भूगोल आहेत. मेजर हवा तो घ्या, पण शाळेत जायची इच्छा असेल तर मायनर शालेय विषयाचा ठेवा. माझ्या ओळखीच्या एका हुशार मुलीला हे पदवी हातात आल्यावर कळलं.

ओजेटीबद्दल एक कळकळीची विनंती. नव्या रचनेत कामाच्या ठिकाणी प्रशिक्षणाला चार क्रेडिट आहेत, साधारण १२० तास. ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणून हे तास घालवू नका. भूमी अभिलेख कार्यालय, नगरपालिका, वाचनालय, स्थानिक वर्तमानपत्र, पाण्यावर काम करणारी संस्था, कुठेही जा, पण खरोखर जा.

तर, भाचीने फॉर्मवर मेजर भूगोल, मायनर अर्थशास्त्र लिहिलं. तिसऱ्या दिवशी कॉलेजातून फोन आला, की यंदा भूगोल मेजरची तुकडी सुरू होणार नाही, कारण मुलं कमी आहेत. भूगोलाच्या कायम प्राध्यापकांची जागा ते निवृत्त झाल्यापासून रिकामी आहे. तासिका तत्त्वावरच्या मॅडम आहेत, त्या पहिल्या वर्षाचे तास घेतात. "मराठी किंवा अर्थशास्त्र लिहून द्या," असं सांगितलं.

धोरणाच्या कागदावर आवडीचे विषय निवडायचं स्वातंत्र्य आहे. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स आहे, मधे थांबलं तर सर्टिफिकेट, डिप्लोमा आहे, मिळवलेले क्रेडिट जमा राहतील अशी बँक आहे. हे सगळं मला मनापासून पटतं. पण ज्या कॉलेजात विषयाला शिक्षकच भरलेला नाही, तिथे माझ्या भाचीने काय निवडायचं? पुण्यातल्या मुलीला पंधरा विषय आणि आमच्या मुलीला दोन. २००२ला मला एसटीने अडवलं. आज एसटी दर तासाला आहे, फाट्यावर दिवे आहेत, दाजी स्वतः गाडीवर आणायला जायला तयार आहेत, आणि शिकवायला माणूस नाही. याचा मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही. संस्थाचालकांनी, विद्यापीठाने आणि सरकारने या रिकाम्या जागांकडे बघावं. शिक्षक नाही म्हणून मुलं येत नाहीत आणि मुलं नाहीत म्हणून शिक्षक देत नाहीत, असंच चालू राहिलं तर तालुक्याच्या गावातून एकेक विषय उठत जाईल.

भाची रडली नाही. तिने वर्गाच्या ग्रुपवर टोपोशीटचा फोटो टाकला आणि विचारलं, कुणाकुणाला भूगोल हवा होता पण 'मिळणार नाही' म्हणून लिहिला नाही? सहा जणी निघाल्या. दोघी जणी म्हणाल्या, आम्हाला प्रॅक्टिकलची भीती वाटत होती. शेजारच्या कॉलेजातून बदली करून येतील असे तिघे मुलगे आहेत. प्राचार्यांनी शब्द दिलाय की वीस जणांचा अर्ज आला तर तुकडीचा विचार करतील, आणि मॅडमही जास्तीचे तास घ्यायला तयार आहेत.

अर्जावर आजपर्यंत बारा सह्या झाल्या आहेत. शुक्रवारपर्यंत आणखी आठ हव्यात. नगर जिल्ह्याच्या आमच्या भागात कुणाच्या घरी एफ.वाय.ला भूगोल घेतलेलं मूल असेल तर कृपा करून मला इनबॉक्समध्ये कळवा. आणि कुणी निवृत्त भूगोल शिक्षक आठवड्यातून एक दिवस प्रॅक्टिकलला येऊ शकत असतील तर त्यांच्या येण्याजाण्याचं आम्ही बघू.