युरिया ७८ आला म्हणून खूश होऊ नका : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘डायबेटिसच्या किडनी पेशंटला अंडी-डाळ खा म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे, कडक पथ्यामुळेच बाबांचा डायलिसिसआधीचा युरिया ७८ वर आलाय,’ असं तुम्ही डायलिसिसवरच्यांनी अंडी-डाळ खावी असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली लिहिलंत. राग समजतो. पाच वर्षं डॉक्टरांनी ‘प्रोटीन कमी करा’ म्हणून बजावलं आणि आता ही कोण आहारतज्ज्ञ बाई उलटंच सांगतेय!

पण ती पाच वर्षं डायलिसिसच्या आधीची. तेव्हा मधुमेह्याला रोज वजनाच्या किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम प्रथिनं, हे बरोबरच होतं. मशीनवर बसायला लागलं की हिशेब फिरतो. दर खेपेला सहा ते बारा ग्रॅम अमिनो आम्लं रक्तातून निघून जातात. म्हणून २०२० च्या केडोकी (KDOQI) या किडनी-आजारावरच्या अमेरिकन मार्गदर्शिकेत डायलिसिसवर १ ते १.२ ग्रॅम सांगितलंय, मधुमेह असला तरी. बाबांचं ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन, ५५ किलो, म्हणजे किमान ५५ ग्रॅम. चहा-मारी, भात नि वरणाचं पाणी, रात्री अर्धी पोळी आणि दुधी : तुम्हीच लिहिलेला हा दिवस वीस ग्रॅमच्या वर जाईलसं वाटत नाही.

आता ते ७८. युरिया प्रथिनांपासूनच बनतो. जो जेवतच नाही त्याचा कमीच येणार. बघायचा असतो तो आधी-नंतरचा फरक. एकाचा १५० वरून ५० झाला, म्हणजे ६७ टक्के उतरला. दुसऱ्याचा ७८ वरून ३५, जेमतेम ५५ टक्के. किमान ६५ हवेत. आकडा दुसऱ्याचा देखणा, डायलिसिस मात्र पहिल्याचं झालं. बाबांच्या फाइलमध्ये नंतरचा युरिया आहे का? चार तास पूर्ण होतात का? आमच्याकडे तिसऱ्या तासाला ‘काढा हो सुया, बस चुकेल’ म्हणणारे एक काका आहेत. डायलिसिस अपुरं पडलं की मळमळतं, तोंडाची चव जाते, जेवण तुटतं. मग युरिया आणखी उतरतो आणि घरचे पेढे वाटतात.

दोन बाबतींत तुमचं बरोबर आहे. बाबा आठवड्यातून दोनदाच बसतात. मी तीन वेळा धरून लिहिलं होतं आणि तसं म्हटलं नव्हतं. तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम ताट भरू नका. आणि दाण्याचा लाडू सुचवणं ही माझी चूकच. किडनी पेशंटनं जपून खायचे फॉस्फरस, पोटॅशियम त्यात दोन्ही भरपूर. ती ओळ काढलीय. अंड्याचा नुसता पांढरा भाग मात्र राहू देणार : एकात साडेतीन ग्रॅम प्रथिनं, फॉस्फरस नगण्य.

एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, ‘शुगरही आता खाली आलीय.’ मला धास्ती वाटली ती त्याची. किडनी गेल्यावर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं. वर माणूस अर्धपोटी. पहाटे दरदरून घाम, थरथर असं काही होतं का त्यांना? इन्सुलिनचा डोस शेवटचा कधी बदलला होता? हे आधी विचारा, अंड्यांचं नंतर बघू.