घर दाखवायचंय, माणसं लपवा

“काका, घरात कोणी राहतंय असं गिऱ्हाइकाला वाटता कामा नये,” एजंटने बजावलं. कोथरूडच्या जुन्या सोसायटीत, बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर आमचा संसार झाला. आता त्याचे पुरावे नष्ट करायचे होते.

आधी माळा. तिथून तांब्याचा बंब निघाला, चिरंजीवांच्या किल्ल्यावरचे मावळे निघाले, बंद पडलेला मिक्सर निघाला आणि त्याला कधी पार्ट लागला तर असू दे म्हणून ठेवलेला दुसरा बंद मिक्सरही निघाला. टीव्हीचं रिकामं खोकंही होतं. टीव्ही भंगारात गेला, खोकं मात्र वॉरंटीसाठी जपून ठेवलेलं. हॉलमधल्या कॅलेंडरवरून आई अडली. “काढते. मग एकादशी कधी ते तुमचं गिऱ्हाईक येऊन सांगणार का?” शेवटी कॅलेंडर कपाटाच्या दाराआड गेलं.

मग रंग. पुट्टी, घासणं, प्रायमर आणि वर दोन हात. घासकामाची पांढरी धूळ झाकलेल्या डब्यांतसुद्धा कशी शिरते, हे मला अजून कळलेलं नाही. खरी अडचण बाथरूमलगतच्या ओलीची. एजंट म्हणाला, “तिथे कपाट सरकवा.” रंगारी जास्त प्रामाणिक निघाला. “वरचं पाणी थांबवल्याशिवाय रंग मारलात तर पावसाळ्यात पोपडे धरणार.” म्हणून वरच्या मजल्यावर गेलो. ते म्हणाले, “आमच्याकडे तर सगळं कोरडं ठणठणीत आहे!” असणारच. त्यांचं पाणी आमच्याकडे राहायला येतं. सोसायटीच्या मध्यस्थीने अखेर त्यांचं बाथरूम फोडलं आणि निम्मा खर्च आमच्या गळ्यात पडला.

ट्यूबलाइट काढून पिवळसर उजेडाचे दिवे लावले. खोल्या उबदार दिसू लागल्या, फक्त आईला तांदळातले खडे दिसेनात. सोफ्यावर नव्या उश्या आल्या आणि सोफ्यावर बसायला बंदी आली. कोणी बघायला यायचं असलं की फोडणी बंद, चप्पल कपाटात, ओले टॉवेल पलंगाखाली. रविवारचे बोंबील तर हद्दपारच झाले.

गिऱ्हाइकं यायला लागली. त्यांनी रंगाकडे ढुंकून पाहिलं नाही. एकाने लेझरने खोल्या मोजल्या आणि २०१६ च्या रेरा या घरखरेदीच्या कायद्यात गॅलरी कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेत, धरत नाहीत हे ऐकवलं. दुसऱ्याने मोबाइलवर होकायंत्र उघडलं, किचन आग्नेयेला नाही म्हणून दारातूनच चपला घातल्या. तिसऱ्या बाईंनी सगळे नळ सोडून पाहिले. आमच्या उश्यांना कोणी नुसता हातही लावला नाही.

शेवटी एक तरुण जोडपं आलं. “घर फार आवडलं,” मुलगा म्हणाला. “ही भिंत पाडू, फरशी उखडू, किचन ओपन करू. रंग काय, आपण पुन्हा करणारच.” हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पंख्याकडे पाहू लागलो. मग तो मुद्रांक शुल्काचे ७ टक्के मोजू लागला. एजंटने मध्येच सुचवलं, घर बाईंच्या नावावर घेतलंत तर १ टक्का वाचतो. मुलगा गप्प झाला. मुलगी खुर्ची ओढून हिच्यासमोर बसली. “मग काकू, आता भावाचं आपण दोघी बोलू.” हिने फोडणीबंदी मोडून गॅस पेटवला, पोहे भिजवले, आणि एजंटला, त्या मुलाला आणि मला कोथिंबीर आणायला खाली पिटाळलं.