व्हिनेगरच्या वाटीतलं शिसं

‘बंदूक साफ करायला महागडं किट घेणं म्हणजे निव्वळ वेडेपणा! घरातल्या या सात वस्तू पुरेत!!’ अशी सुरुवात असलेला संदेश तुमच्याकडेही आला असेल. माझ्याकडे तो तीनदा आला आणि तीनदा मी तो पुसला. चौथ्यांदा तो धाकट्या बहिणीकडून आला. खाली तिची ओळ होती: ‘दादा, हे बरोबर आहे ना? याने सगळं सामान जमवलंय.’

‘याने’ म्हणजे माझ्या भाच्याने. तो दोन वर्षं पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंच मापाच्या रायफलने नेमबाजी करतोय. हात चांगला आहे, पण मोबाईलवर आलेलं सगळं खरंच असतं अशी त्याची श्रद्धा आहे. मी पोहोचलो तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर एका काचेच्या वाटीत काहीतरी फसफसत होतं. शेजारी व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाटल्या. नळी रायफलपासून सुटी करून, एका तोंडाला रबरी बूच मारून भिंतीला टेकवून ठेवलेली. वाटीतलं त्यात ओतायचंच काय ते बाकी होतं. त्याआधी खात्री म्हणून त्याने वाटीत शिशाची एक चेपलेली गोळी टाकून पाहिली होती. ‘मामा, बघ ना, कसं विरघळतंय!’

त्या सात वस्तू अशा: डब्ल्यूडी-४०, पेट्रोल, उकळतं पाणी, व्हिनेगर-पेरॉक्साइड, छत्रीची तार, खोबरेल तेल आणि जुना टूथब्रश. वर शेवटी ठळक अक्षरांत, ‘आधुनिक बंदुकांना खरं तर सफाईच लागत नाही, हा सगळा कंपन्यांचा धंदा आहे.’ सफाईच लागत नाही तर मग सात वस्तू कशाला, हे मात्र विचारायचं नाही.

क्रम सोडून मी चौथ्या वस्तूपासून सुरू करतो, कारण ती ओट्यावर तयार होती आणि तिने नुसती बंदूकच खराब होत नाही.

‘व्हिनेगर आणि पेरॉक्साइड समप्रमाणात घ्या, नळीतलं शिसं जादूसारखं गायब होतं.’ टू-टूची गोळी साधारण शिशाचीच असते, त्यामुळे नळीत शिशाचा थर बसतो हे खरं. या मिश्रणाने तो निघतो हेही खरं. पण गायब काहीच होत नाही. पेरॉक्साइड शिशाला ऑक्सिजन देतं, व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल त्याच्याशी जुळतं आणि लेड ॲसेटेट तयार होतं. धातूच्या रूपात नळीला चिकटून बसलेलं शिसं आता पाण्यात विरघळलेलं असतं, म्हणजे बोटाला लागणारं, ओट्यावर सांडणारं, फडक्यात मुरणारं. लेड ॲसेटेट चवीला गोड असतं, म्हणून त्याचं जुनं नावच ‘शिशाची साखर’. पूर्वी ते केसांच्या कलपात वापरायचे. अमेरिकेच्या एफडीएने ती परवानगी मागे घ्यायचा निर्णय २०१८ मध्ये घेतला. डोक्याला लावायलाही जे नको झालं, ते आमच्याकडे कोशिंबिरीच्या वाटीत तयार होत होतं.

‘एवढ्याशा शिशाने काय होतंय?’ हा भाच्याचा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर मी माझ्या पदरचं देत नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१३ मध्ये तिथल्या सैन्याच्या फायरिंग रेंजवर काम करणाऱ्यांसाठी एक अहवाल प्रसिद्ध केला. कामगारांच्या रक्तात डेसिलिटरमागे ४० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसं चालेल, या १९७० च्या दशकातल्या मर्यादेवर तिथले नियम उभे होते. अहवालाने सांगितलं की ही मर्यादा पुरेशी नाही. तिच्याखालच्या पातळीलाही मज्जासंस्था, मूत्रपिंडं, रक्तदाब यांवर परिणाम झाल्याचे पुरावे आहेत. ही गोष्ट धडधाकट प्रौढांची झाली. लहान मुलांच्या बाबतीत सीडीसी या तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने २०२१ पासून ३.५ मायक्रोग्रॅम हाच लक्ष घालण्याचा आकडा ठरवलाय, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तर शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच माहीत नाही. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. टू-टूची नेहमीची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास भरते. भाच्याची बहीण सहावीत आहे आणि तो ओटा तिचाही आहे.

नळीचं काय होतं तेही सांगतो. रायफलला जो निळसर-काळा रंग असतो तो रंग नसतोच, तो लोखंडाच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो. आम्ल तो खातं. आत शिसं संपलं की मिश्रण उघड्या पोलादाला लागतं, आणि वेळेवर ओतून, धुऊन, कोरडं केलं नाही तर आधी गुळगुळीत असलेल्या जागी खड्डे पडतात.

मग शिसं काढायचं कसं? मापाचा ब्राँझचा ब्रश, थोडं सॉल्व्हंट (मळ सोडवणारं द्रावण) आणि दहा मिनिटं धीर. हट्टी थर असेल तर शुद्ध तांब्याच्या घासणीचे चार धागे झिजलेल्या ब्रशभोवती गुंडाळा. घासणी आधी चुंबकाला लावून पाहा. चिकटली तर ती तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद आहे, नळीत घालू नका. हातात नायट्राइलचे मोजे घाला, आणि जागा स्वयंपाकघर सोडून कुठलीही चालेल.

आता छत्रीची तार. ‘तारेला चिंधी बांधा आणि पुढच्या तोंडातून मागे-पुढे करा.’ हे वाचून मला आधी हसू आलं. मग आठवलं की मी स्वतः पहिली दोन वर्षं तीन तुकड्यांच्या, आट्यांनी जोडायच्या ॲल्युमिनियमच्या सळईने हेच करत होतो. रायफलमधली सगळ्यात नाजूक जागा म्हणजे नळीच्या तोंडाची आतली कड, जिला क्राउन म्हणतात. गोळी नळी सोडते त्या क्षणी तिच्या बुडामागचा वायू चहूबाजूंनी सारखा निसटायला हवा. कड एका बाजूला घासलेली असली की वायू तिथून आधी सुटतो आणि गोळीला कलता धक्का बसतो. नेम कितीही धरा, गोळ्या पसरतात. पोलादी तार दर वेळी ती कड कातरते. ॲल्युमिनियम मऊ आहे, पण त्यात रेतीचे कण रुतून बसतात आणि सळईची कानस होते. वर प्रत्येक जोडाची धार वेगळीच.

माझ्या जुन्या रायफलची कड मी भाच्याला दाखवली. कान साफ करायची कापसाची काडी घ्यायची आणि नळीच्या तोंडावरून आतून बाहेर, एकेका जागी हलकेच ओढायची. कड धड असेल तर कापूस सरळ निघून येतो. माझ्या रायफलला घड्याळातल्या चाराच्या जागी दोन तंतू अडकले. त्याने पुन्हा ओढून पाहिलं, पुन्हा तिथेच. तेवढ्याने त्याला कळलं, माझ्या भाषणाची गरज उरली नाही.

म्हणून पैसे एकाच वस्तूवर घालायचे असतील तर सळईवर घाला. एकसंध हवी, वेष्टन असलेल्या पोलादाची किंवा कार्बन फायबरची, आणि मूठ बेअरिंगवर फिरणारी, म्हणजे ब्रश नळीतल्या पेचांबरोबर, आतल्या वळणदार खाचांबरोबर, फिरतो. बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, काढून मागच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या चेंबरच्या बाजूने घाला आणि सळई मधोमध ठेवणारी बोअर गाइड लावा. मागून वाट नसलेल्या बंदुकीला मऊ दोरीचा किंवा वेष्टन असलेल्या केबलचा पुलथ्रू (चिंधी नळीतून ओढून नेणारी दोरी) बरा, तो चेंबरकडून तोंडाकडे ओढायचा. सळई दर फेरीला पुसा. चारचौघांना हे सांगितलं की ‘एवढं कशाला’ म्हणतात, आणि तेच लोक नेम चुकला की काडतुसांचा ब्रँड बदलतात.

उकळत्या पाण्याबद्दल मला नाइलाजाने मान हलवावी लागते. यात अर्धं सत्य आहे. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे दारू पेटवणाऱ्या ठिणगीच्या मसाल्यात, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. तो हवेतला ओलावा ओढतो आणि एका रात्रीत नळी गंजवतो. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून ब्रिटिश सैनिक ली-एनफिल्डच्या नळीत नरसाळ्याने उकळतं पाणी ओतायचे, मग कोरड्या चिंध्या, मग तेल. त्या काळी ते शहाणपणाचं होतं, आणि काळ्या दारूच्या बंदुकांना किंवा जुन्या लष्करी साठ्यातल्या काडतुसांना आजही लागू आहे. आज टू-टूमध्ये मिळणाऱ्या नेहमीच्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये ते क्षार नसतात. त्यात पाणी ओतून मिळतं फक्त पाणी, तेही चाप आणि स्प्रिंगांच्या सांदीत, जिथून ते पुसता येत नाही.

डब्ल्यूडी-४० वाईट नाही. त्याचं कूळच पाणी हटवण्याचं आहे. १९५३ मध्ये सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीत ते तयार झालं, नावाचा अर्थच ‘पाणी विस्थापन, चाळिसावा प्रयत्न’, आणि सुरुवातीला ते ॲटलस क्षेपणास्त्राला गंजापासून वाचवायला वापरलं गेलं. पावसात भिजलेली रायफल हाती आली तर मीही तेच मारीन. पण त्यातला मोठा भाग उडून जाणारा असतो, मागे राहतो तो पातळ थर. बोल्टच्या घासणाऱ्या जागी तो फार टिकत नाही, आणि पुसल्याशिवाय थरावर थर मारत गेलं की धूळ धरून चिकट होतो. तिथे बंदुकीचं तेल हवं, आणि तेही थेंबाने. काडतुसांच्या आसपास तर कुठलाच फवारा नको.

संदेशात पुढे ‘एअरगनलाही हेच’ असं दोन शब्दांत उरकलंय. ते दोन शब्द मला छत्रीच्या तारेपेक्षा जास्त खटकले. स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये दट्ट्या पुढे झेपावतो तेव्हा दाबली गेलेली हवा प्रचंड तापते. तिथे खनिज तेलाची वाफ असली की ती पेटते, डिझेल इंजिनात पेटते तशीच. मोठा आवाज, धूर, सीलची वाट. आधीच हवा भरून ठेवायच्या रायफलींत २०० बारच्या आसपास दाब असतो. तिथे पेट्रोलियमचं तेल शिरणं हा स्फोटाचा धोका आहे. अशा ठिकाणी निर्मात्याने सांगितलेलं सिलिकोनचं वंगण, तेही त्याने सांगितलेल्या जागी, आणि नळी पुसण्यासाठी फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या गोळ्या.

पेट्रोलवर शब्द घालवत नाही. उणे ४० अंशांच्या आसपासही ते पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीवरून सरपटत पार गिझरच्या सतत जळणाऱ्या ज्योतीपर्यंत जाते, आणि वर त्यात कर्करोग घडवणारं बेन्झीन असतं. केरोसीन त्या मानाने सभ्य. जुन्या घरगुती सॉल्व्हंटच्या कृतींत ते असायचं, खिडकी उघडून वापरलं तर माझी तक्रार नाही.

विकतचं सॉल्व्हंट घेतानाही नळीत काय साचलंय ते आधी पाहा. अमोनियाची सॉल्व्हंट तांब्यासाठी असतात, तांब्याचं वेष्टन असलेल्या गोळ्यांसाठी. शिशाच्या टू-टूला त्यांचा काही उपयोग नाही. शिवाय ती ब्राँझचा ब्रश आणि पितळी टोकही खातात. चिंधी निळी येते, माणूस म्हणतो अजून तांबं आहे, पुन्हा घासतो. मी एकदा अख्खी संध्याकाळ माझं स्वतःचंच पितळ पुसत बसलो होतो.

खोबरेल तेल थंडीत बाटलीत गोठतं हे ज्याने पाहिलंय त्याला फायरिंग पिनच्या, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या सुईच्या स्प्रिंगमध्ये ते का नको हे समजावायला लागू नये. शिवणयंत्राचं तेल मात्र चालतं. हलकं खनिज तेल आहे, गंजापासून फार राखत नाही, पण अडत नाही. जुन्या सुती बनियनच्या चिंध्याही उत्तम, विकतच्या चौकोनांवर पैसे घालवू नका. संदेशात हे असतं तर मी दाद दिली असती.

राहिलं ‘आधुनिक बंदुकांना सफाई लागत नाही’. हा प्रयोग करून झालाय, व्हिएतनाममध्ये. एम-१६ या अमेरिकी लष्करी रायफलला फारशी देखभाल लागत नाही अशा समजुतीत सुरुवातीच्या बऱ्याच सैनिकांना ती सफाईच्या सामानाशिवाय मिळाली. सगळा दोष त्याचाच नव्हता, हे सांगायला हवं. काडतुसांतली दारू बदलली होती आणि चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. पण रायफली ऐन चकमकीत अडकल्या, माणसं मेली आणि १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने चौकशी केली. नंतर चेंबरला क्रोम आलं, सफाईचं सामान आलं, ते ठेवायला दस्त्यात कप्पा आला, आणि सफाई शिकवायला चित्रकथेची पुस्तिकासुद्धा छापली गेली. याच्या उलट टोकही आहे. दर दहा गोळ्यांनी नळी घासणारे टू-टूवाले मी पाहिलेत, त्यांच्या नळ्या गोळ्यांपेक्षा सळईनेच जास्त झिजतात.

आणि एवढ्या लांबलचक संदेशात एक ओळ कुठेच नाही: आधी मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबर डोळ्यांनी बघा, मग करंगळीने चाचपा, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या.

वाटीतलं पाणी आम्ही झाकणाच्या बरणीत भरून वर चिठ्ठी चिकटवली. घातक कचऱ्यात जाईल, मोरीत नाही. वाटी फेकली, ओटा दोनदा पुसला, फडकीही त्याच कचऱ्यात. बहिणीने विचारलं, ‘मग सातातलं काहीच खरं नाही का रे?’ म्हटलं, टूथब्रश खरा आहे. नायलॉनचे केस पोलादाला ओरखडा काढत नाहीत, बोल्टच्या खाचांत छान पोचतात, मीही तोच वापरतो. फक्त संदेशात पुढे लिहिलंय, ‘धुऊन पुन्हा जागेवर ठेवा.’ भाचा न बोलता उठला, बेसिनवरच्या पेल्यातून एक निळा ब्रश काढला आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकला.