‘शहाण्या माणसाने बोर्ड बदलून घ्यावा’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

सप्रेम नमस्कार. बायोस (बोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये साठवलेला, संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम) करप्ट होऊन बंद पडलेला मदरबोर्ड पुन्हा कसा चालू करावा, या माझ्या लेखावर आपण ‘एक अभियंता’ अशी सही करून प्रतिक्रिया दिली आहे. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा सारांश देतो. आपले म्हणणे असे की लेखातल्या फोटोत चिपची पहिली पिन ओळखू येत नाही, १.८ व्होल्टच्या चिपांविषयी मी पुरेसे बजावलेले नाही, बायोस फाइल कोठून घ्यावी याबद्दल मी निष्काळजी आहे, आणि अशा कामाची हमी कोण देणार हेही मी सांगितलेले नाही. या सगळ्याच्या मध्ये आपले एक वाक्य आहे, ते जसेच्या तसे देतो: “कोकणातल्या कुठल्यातरी गावात बसून क्लिप लावून चिप लिहिणे हा पोरखेळ आहे, शहाण्या माणसाने बोर्ड बदलून घ्यावा.”

फोटोबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे. चिपच्या कोपऱ्यावरचा बारीक ठिपका त्या फोटोत उजेडामुळे पुसट झाला होता आणि चिपचे पाय चिमट्यासारखे धरणाऱ्या क्लिपची लाल तार त्या ठिपक्याच्या बाजूला आली पाहिजे, हे नवख्या माणसाला त्यावरून कळले नसते. फोटो बदलला आहे. आपण एवढेच लिहिले असते तर मी आभार मानून थांबलो असतो. परंतु ज्या माणसाला आपण ओळखत नाही, ज्याचे काम आपण पाहिलेले नाही, त्याच्या कामाला पोरखेळ म्हणायचे आणि पुढच्याच ओळीत ‘कृपया राग मानू नये’ अशी विनंती करायची, ही पद्धत मला सभ्यपणाची वाटत नाही. राग आलेला आहे. तो लपवून उत्तर देण्यात काही अर्थ नाही.

आता त्या वाक्याकडे येतो. बायोस करप्ट झालेल्या बोर्डात नेमके काय बिघडलेले असते? पॉवरचे बटण दाबल्यावर इंटेलचा प्रोसेसर आपला पहिला आदेश चार जीबीच्या पत्त्याच्या शेवटाकडून १६ बाइट अलीकडे शोधतो, आणि तो पत्ता बोर्डावरच्या आठ पायांच्या एका फ्लॅश चिपकडे नेतो. साधारणपणे ६४ किंवा १२८ मेगाबिटची, म्हणजे ८ किंवा १६ एमबीची ही चिप असते. बायोस अपडेट होताना तिच्यातला एकेक भाग आधी पुसला जातो आणि मग त्यावर नवे लिहिले जाते. पुसलेल्या जागेत प्रत्येक बाइट ‘एफएफ’ झालेला असतो. नेमक्या त्या वेळी वीज गेली की चिपचा काही भाग जुना, काही नवा आणि काही कोरा राहतो. पुढच्या वेळी प्रोसेसरला पहिला आदेश मिळतो किंवा मिळतही नाही, पंखा फिरतो, दिवा लागतो आणि पडदा काळाच राहतो. काही बोर्डांत पंखा फिरून थांबतो, पुन्हा फिरतो, आणि हे असेच चालू राहते. या सगळ्यात एकही ट्रान्झिस्टर जळलेला नसतो, एकही ट्रॅक तुटलेला नसतो. चिपसेट, व्होल्टेजचे सर्व मार्ग, मेमरीचे स्लॉट, सगळे धडधाकट असते. बिघडलेला असतो तो काही एमबींचा मजकूर. मजकूर बिघडला म्हणून अख्खा बोर्ड भंगारात टाकावा, हा सल्ला आपण अभियंता म्हणून देत आहात, याचे मला अधिक वाईट वाटते.

शिवाय ‘बदलून घ्यावा’ म्हणणे जितके सोपे, तितके बदलणे सोपे नसते. आमच्याकडे देवगडला आंब्याच्या बागायतदारांच्या हिशेबाला, ग्रामपंचायतीत, फोटो स्टुडिओत आणि शाळांत अजून कितीतरी जुने डेस्कटॉप चालू आहेत. त्यांतला एखादा इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरचा असेल, तर त्याचा सॉकेट ११५५ आणि मेमरी डीडीआर ३. नवा बोर्ड घ्यायचा तर त्यावर हा प्रोसेसर बसत नाही आणि ही मेमरीही लागत नाही; म्हणजे ‘बोर्ड बदला’ याचा खरा अर्थ संगणक बदला असा होतो. जुना वापरलेला बोर्ड मागवावा, तर तो किती तापलेला, किती दमटलेला, याची खात्री कोण देणार? लॅपटॉपची गोष्ट याहून अवघड आहे. अनेक पातळ लॅपटॉपांत मेमरी बोर्डावरच जडलेली असते, काहींत साठवणही तिथेच असते. मालकाला ठाऊक नसताना अनेकदा विंडोजने डिस्क कुलूपबंद केलेली असते, आणि त्या कुलपाची किल्ली सांभाळणारे टीपीएम अनेक लॅपटॉपांत फर्मवेअरमध्येच, म्हणजे यंत्राच्या मूळ प्रोग्राममध्येच, असून त्याची माहिती याच चिपमध्ये साठवलेली असते. बोर्ड बदलला की ती गेली. मग ४८ अंकी रिकव्हरी की सापडली नाही, तर बोर्ड नवा आणि फाइली कायमच्या बंद. चिप लिहिल्यानंतरही ती की विचारली जाऊ शकते, हे मला माहीत आहे आणि लेखात तसे लिहिलेही आहे. परंतु मूळ डंप, म्हणजे चिपमधल्या मजकुराची वाचून घेतलेली प्रत, जपून काम केले तर निदान एक वाट उघडी राहते. बोर्ड बदलणारा ती वाट स्वतःच्या हाताने बंद करतो.

‘कोकणातल्या कुठल्यातरी गावात’ या शब्दांबद्दलही लिहिले पाहिजे. हा बिघाड इथे वारंवार का येतो, याचा विचार आपण केला असता तर हे शब्द लिहिले नसते. वैशाखात वळवाचे ढग येतात, विजा कडाडतात, आणि वीज मिनिटाला जाते, मिनिटाला येते. नेमका तोच आंब्याचा हंगाम. पेट्यांची बिले, गाडीभाडे, दलालांचे हिशेब याच दिवसांत संगणकावर चढत असतात. लॅपटॉपच्या कंपन्या बायोसची नवी आवृत्ती हल्ली विंडोज अपडेटबरोबरच पाठवतात. माणूस संध्याकाळी ‘रीस्टार्ट’ दाबतो, आपण बायोस बदलत आहोत याची त्याला कल्पनाही नसते. अपडेट सुरू होण्यापूर्वी बॅटरी आणि चार्जर तपासले जातात हे खरे, पण पडद्यावर ६० टक्के दाखवणारी जुनी बॅटरी चार्जर बंद पडताच मान टाकते, आणि डेस्कटॉपला तर तेवढाही आधार नसतो. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले, त्या काळात वीज येण्याजाण्याचे जे हाल इथल्या लोकांनी काढले, ते शहरात बसून कळणार नाहीत. खारी, दमट हवा तर बारमाही असते. चिपच्या पायांवर हिरवट पुट चढते आणि क्लिपचे दात टेकले तरी संपर्क होत नाही. म्हणून क्लिप लावण्याआधी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पाय स्वच्छ करावेत, असे मी आवर्जून लिहिले आहे. ही सूचना मला कुठल्याही पुस्तकात मिळालेली नाही, ती इथल्या हवेने शिकवली.

राहता राहिले सेवा केंद्र. आमच्या माणसाने लॅपटॉप घेऊन फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठायचे, किंवा कणकवलीहून रेल्वेने मुंबई. तिथे काय उत्तर मिळते, तेही सांगतो. एका शिक्षिकेचा लॅपटॉप असाच अपडेटमध्ये बंद पडला. एका अधिकृत सेवा केंद्राने तो चिप वाचून न पाहताच ‘बोर्ड गेला’ असे कागदावर लिहून दिले आणि लॅपटॉपच्या निम्म्या किमतीचा अंदाज हातात ठेवला. तो लॅपटॉप माझ्याकडे आला, चिपमधल्या मजकुराचा फक्त बायोसचा भाग मी नव्याने लिहिला, आणि आज त्याच लॅपटॉपवर त्या निकालपत्रके तयार करतात. आपल्या मते यातला शहाणा कोण आणि पोरखेळ कोणाचा?

माझ्या पात्रतेविषयी आपण शंका घेतली आहे, म्हणून थोडे जुने सांगणे भाग आहे. २६ एप्रिल १९९९ हा दिवस आपल्याला आठवत असेल किंवा नसेल. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच विषाणू त्या दिवशी जागा झाला. त्याने विंडोज ९५ आणि ९८ च्या संगणकांत हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसला आणि जिथे जमले तिथे बायोसच्या चिपमध्ये कचरा लिहिला. इंटेलच्या ४३० टीएक्स चिपसेटचे बोर्ड त्याला विशेष बळी पडले. मी तेव्हा रत्नागिरीत एका संगणक वर्गात मदतनीस होतो आणि तिथले बोर्ड असेच काळे पडले. त्या काळी यूएसबीचा प्रोग्रामर (चिप वाचण्या-लिहिण्याचे उपकरण) कुणाकडे नव्हता. तसाच दुसरा चालू बोर्ड घ्यायचा, तो डॉसमध्ये सुरू करायचा, बायोस मेमरीत उतरलेला असल्याने चालू अवस्थेतच त्याची चिप सॉकेटमधून अलगद काढायची, तिथे मेलेली चिप बसवायची आणि ती लिहायची. हात जरा तिरका गेला तर दोन्ही बोर्ड जाण्याची भीती. ते बोर्ड आम्ही चालू केले. त्या वेळेपासून आजपर्यंत मी हेच काम करत आलो आहे, आणि आपण मला सांगता की हा पोरखेळ आहे. महाशय, आपण स्वतःच्या हाताने एकदा तरी अशी चिप वाचली आहे का? आपल्या प्रतिक्रियेत तसा एक शब्दही नाही. अभियंता अशी सही करण्याने हाताला सवय होत नाही.

खरे तर माझा लेख आपण शेवटपर्यंत वाचला असता तर दिसले असते की क्लिप हा मी शेवटचा उपाय म्हणून सांगितला आहे. आधी मेमरी काढून, पुसून, पालटून पाहायची, कारण मेमरीच्या दोषानेही पडदा असाच काळा राहतो. मग बटण सेल काढून सेटिंग पुसून पाहायची. त्याने चुकीची सेटिंग जाते, मात्र चिपमधला बिघडलेला मजकूर दुरुस्त होत नाही. नंतर कंपनीने स्वतः दिलेली वाट: गिगाबाइटच्या अनेक बोर्डांवर दुसरी राखीव बायोस चिप असते, असूसच्या काही बोर्डांवर प्रोसेसर आणि मेमरी नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस लिहिणारे बटण असते, एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपांत विंडोज आणि बी ही बटणे, तर डेलच्या लॅपटॉपांत कंट्रोल आणि एस्केप दाबून रिकव्हरी सुरू करता येते. हे सगळे फसले तरच चार्जर, बॅटरी आणि बटण सेल काढून क्लिप लावायची.

आणि क्लिप लावली तरी पहिले काम लिहिण्याचे नसतेच, वाचण्याचे असते. क्लिपमधून जाणारा प्रवाह बोर्डाच्या इतर भागांतही झिरपतो, त्यामुळे वाचन डळमळीत येते. म्हणून पुन्हा पुन्हा वाचायचे आणि सगळ्या डंपांचे चेकसम (मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) तंतोतंत जुळल्याशिवाय पुढे जायचे नाही. जुळत नसतील तर हॉट एअरने चिप उतरवून वाचायची. जुना डंप जपायचा, कारण त्यात मालकाच्या यंत्राचा सिरीयल नंबर, विंडोजची की, काही बोर्डांत नेटवर्कचा मॅक पत्ता आणि इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचा, म्हणजे चिपसेटमधल्या छोट्या स्वतंत्र संगणकाचा, भाग असतो. कंपनीच्या संकेतस्थळावरची फाइल जशीच्या तशी चिपमध्ये ओतली की हे सारे पुसले जाते. कुणाचा तरी डंप आणून टाकला आणि मॅनेजमेंट इंजिनचा भाग जुळला नाही, तर यंत्र सुरू होते खरे, पण अनेकदा अर्ध्या तासाने आपोआप बंद पडते, आणि ग्राहक पुन्हा दारात उभा. म्हणून फक्त बायोसचा भाग बदलायचा आणि बाकीचे जागच्या जागी ठेवायचे. याला आपण पोरखेळ म्हणत असाल, तर काळजीपूर्वक काम कशाला म्हणतात ते एकदा लिहून कळवावे.

१.८ व्होल्टबद्दल: चिपवरचा क्रमांक भिंगातून वाचावा, क्रमांकात आकड्यांनंतर एफडब्ल्यू किंवा जेडब्ल्यू असेल तर ती विनबाँडची १.८ व्होल्टची चिप असते आणि तिला व्होल्ट उतरवणारा अ‍ॅडॅप्टर लागतो, हे लेखात आहे. ते एकाच वाक्यात आहे, ही आपली तक्रार आहे. एक वाक्य वाचणाऱ्याला पुरते. काळ्या सीएच ३४१ ए प्रोग्रामरच्या डेटा तारांवर पाच व्होल्ट येतात, हा आपला मुद्दाही नवा नाही. मी बदल करून घेतलेला प्रोग्रामरच वापरतो. फाइल कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी, हे सांगायला अभियंता लागत नाही.

शेवटी हमीविषयी. ती कोण देणार, असे आपण विचारले आहे, मी देतो. काम हाती घेण्यापूर्वी मूळ डंप ग्राहकाच्या पेनड्राइव्हवर देतो, म्हणजे त्याला दुसऱ्या कुणाकडे जायचे असेल तर तो रिकाम्या हाताने जाणार नाही. बोर्ड चालू झाला नाही तर एक रुपयाही घेत नाही. चालू झाल्यावर अर्धा तास उलटून जाईपर्यंत तो दुकानातच चालू ठेवतो, पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करतो, सिरीयल नंबर आणि विंडोजची की जागेवर आहे हे ग्राहकाला पडद्यावर दाखवतो, आणि मगच यंत्र त्याच्या हाती देतो. आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. आपल्याकडे असा बंद पडलेला बोर्ड असेल तर तो देवगडला पाठवून द्यावा. याच अटी आपल्यालाही लागू राहतील.