राईला हद्द असते, पाण्याला नसते

दोडामार्गातल्या हेवाळे-बांबर्ड्याच्या रानजायफळाच्या राईचे फोटो परत फिरतायत आणि खाली कमेंट ठरलेली, लोकेशन पाठवा. नाही पाठवणार. राग आला तर येऊ दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही राई म्हणजे मिरिस्टिका स्वॅम्प, गोड्या पाण्याच्या दलदलीतलं जंगल. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाची सखल जागा, बारमाही चिखल, आणि त्यात उभी जायफळाच्या कुळातली झाडं. चिखलात हवा नसते त्यामुळे मुळं वाकवलेल्या गुडघ्यासारखी जमिनीच्या वर येतात, हवा घेतात आणि परत खाली जातात. लोक नेमके त्या मुळांवर पाय ठेवून फोटो काढतात!

असं जंगल देशात राहिलंय किती? केरळात कुळत्तुपुळा, अंचल, शेंदुर्णी भागात सगळे तुकडे जोडले तरी जेमतेम दीड चौरस किलोमीटर, कर्नाटकात कत्तलेकान आणि आसपास थोडं, गोव्यात सत्तरीतली निरंकाराची राई, आणि आपल्याकडे हे. बाकीचं कुठे गेलं तर भातशेतीत आणि पोफळीच्या बागांत, कारण बारमाही पाण्याची सपाट जमीन कोण सोडेल, आणि त्यात शेतकऱ्याला शिव्या देण्यात मला तरी काही अर्थ वाटत नाही. आपली राई वाचली ती देवामुळे. देवराईतली काठी पण घरी न्यायची नाही हा धाक वनखात्याच्या पावतीपेक्षा जबरी होता.

2021 साली ती जैवविविधता वारसा स्थळ झाली, चांगलंच झालं. पण क्षेत्र किती, 2.59 हेक्टर. आता मला सांगा, त्या हद्दीच्या वर डोंगरउतारावर जंगल साफ करून रबर नाहीतर काजू लावला, कुणी बोअर मारली, व्हाळाला पाईप टाकून पाणी वळवलं, तर यातलं एकही काम राईत झालेलं नाही, कागदावर राई एकदम सुरक्षित. आणि चिखल मात्र मार्चमध्येच वाळायला लागणार. मोठं झाड काही वर्षं तग धरेलही पण नवीन रोप येणार नाही, कारण या झाडांचं बी वाळलं की मेलं, डबीत घालून ठेवायची सोयच नाही. म्हणून "बदल्यात दुप्पट झाडं लावू" हे इथे कुणी बोललं की मला हसायला येतं, झाडं लावशील बाबा, दलदल कुठून आणशील?

आणि नुसती झाडंच नाहीत. केरळातल्या अशाच दलदलींच्या भागात 2013 साली बेडकाची एक नवीन प्रजातीच काय, अख्खी नवीन जातकुळी नोंदवली गेली, मर्क्युराना, गायक फ्रेडी मर्क्युरीच्या नावावरून (शास्त्रज्ञांनाही गाणी आवडतात). आपल्या राईत काय काय आहे ते अजून नीट शोधायचंय.

माझं म्हणणं एवढंच की वारसा स्थळाची हद्द सर्व्हे नंबर बघून नको, पाणी बघून आखा. व्हाळ कुठून सुरू होतो, कुठले झरे त्याला मिळतात हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, तेवढ्या उताराला हात लावायचा नाही असं ठरवा, आणि ज्याची खाजगी जमीन त्यात येते त्याला त्याबद्दल रोख पैसे द्या, नुसतं प्रशस्तिपत्रक नको. आणि रीलवाल्यांनो, तालुक्यात धबधबे ढीगभर आहेत, तिकडे जा.