चाळीस फेऱ्या आणि एक न मरणारा मेसेज

कुठे नव्या साथीची बातमी झळकली की हा मेसेज पुन्हा उगवतो. आजाराचं नाव बदललेलं असतं, बाकी मजकूर कोविडच्या काळातलाच. थोडक्यात तो असा: पीसीआर, म्हणजे नमुन्यातल्या जनुकीय तुकड्याच्या फेरीफेरीने प्रती वाढवून तो शोधायची पद्धत, ही रोग ओळखायची चाचणीच नव्हे, असं तिच्या जनकानेच सांगितलं होतं. चाळीस फेऱ्या फिरवल्या की कुणाच्याही नाकात काहीही सापडतं, म्हणून ९७ टक्के पॉझिटिव्ह खोटे. विषाणू कुणी वेगळा काढलेलाच नाही, चाचणी माणसाचंच गुणसूत्र पकडते. फ्लूलाच नवं नाव दिलं होतं, म्हणून तर अमेरिकेने चाचणी मागे घेतली. आणि शेवटी हुकमी एक्का: चाचण्या थांबवा, साथ आपोआप संपेल.

यातल्या बहुतेक वाक्यांच्या पोटात एखादी खरी गोष्ट आहे, फक्त ती अर्धी सांगितली आहे. म्हणून उरलेली अर्धी सांगायला बसलो.

‘जनकानेच सांगितलं होतं’

कॅरी मलिस यांना पीसीआरची कल्पना १९८३ मध्ये सुचली, १९९३ मध्ये तिच्यासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं आणि ७ ऑगस्ट २०१९ रोजी ते वारले. वुहानमधल्या रुग्णांची बातमी जगाला कळली ती त्याच वर्षाच्या अगदी अखेरीस. तेव्हा कोविडच्या चाचणीबद्दल मलिस काही बोललेत, हे शक्यच नाही. फिरणारी क्लिप नव्वदच्या दशकातली आहे आणि विषय एचआयव्हीचा आहे. एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच मलिस यांना मान्य नव्हतं. ‘संसर्गक्षम विषाणू पीसीआरने सापडूच शकत नाही’ हे त्यांच्या फोटोखाली छापलं जाणारं वाक्य तर त्यांचं नाहीच. पत्रकार जॉन लॉरिट्सन यांच्या १९९६ च्या लेखातून ते उचललेलं आहे.

आणि ज्या वापरावर, म्हणजे पीसीआरने एचआयव्ही मोजण्यावर, मलिस नाराज होते, त्याचं पुढे काय झालं? औषधांनी रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला की त्या माणसाकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे आज एचआयव्हीच्या उपचारांतलं पक्कं सूत्र आहे. ते प्रमाण मोजायला प्रामुख्याने पीसीआरच वापरतात.

‘चाळीस फेऱ्यांत काहीही सापडतं, ९७ टक्के खोटे’

इथे जरा थांबू, कारण खरा गोंधळ इथेच आहे.

प्रत्येक फेरीत ठरावीक तुकड्याच्या प्रती दुप्पट होतात. दहा फेऱ्यांत एकाच्या १,०२४, वीसमध्ये दहा लाखांवर, तीसमध्ये १०७ कोटी, चाळीसमध्ये सुमारे १ लाख १० हजार कोटी. आकडा बघून डोळे फिरतात खरे, पण दुप्पट व्हायला आधी एक तरी असावा लागतो. शून्याची दुप्पट शून्यच. प्रयोगशाळेत नमुन्यांच्या प्रत्येक खेपेबरोबर विषाणू नसलेला, बहुधा नुसत्या शुद्ध पाण्याचा, एक नमुना मुद्दाम लावतात. तोही तेवढ्याच फेऱ्या फिरतो. त्यात खूण उमटली तर त्या खेपेचे पॉझिटिव्ह निकाल ग्राह्य धरत नाहीत. चाळीस फेऱ्यांत ‘काहीही’ सापडत असतं, तर सगळ्यात आधी त्या पाण्याला कोविड झाला असता.

शिवाय चाळीस ही वरची मर्यादा आहे. यंत्र प्रत्येक फेरीला प्रकाश मोजतं, आणि ज्या फेरीत खूण ठरलेली रेषा ओलांडते तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. एकाची १८ आणि दुसऱ्याची ३४ आली, तर पहिल्याच्या नमुन्यात विषाणूचे तुकडे सुमारे ६५ हजार पट जास्त असतात. दोघांच्याही कागदावर मात्र ‘पॉझिटिव्ह’ एवढंच लिहिलेलं असे, आणि ही तक्रार माझ्या मते रास्त होती.

आता ते ९७ टक्के. हा आकडा हवेतून आलेला नाही. फ्रान्समधल्या मार्सेच्या एका संशोधक गटाने २०२० मध्ये ३,७९० पॉझिटिव्ह नमुने घेऊन त्यांतला विषाणू पेशींवर वाढतो का हे पाहिलं. सीटी २५ च्या आसपास सुमारे ७० टक्के नमुन्यांतून तो वाढला, ३० ला २० टक्के, आणि ३५ ला ३ टक्क्यांहून कमी. शंभरातून तीन वजा करून कुणीतरी ‘९७ टक्के खोटे’ असं लिहिलं. नोव्हेंबर २०२० मध्ये पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या अपील न्यायालयाने निकालात याच अभ्यासाचा आधार घेतला आणि आकड्याला कोर्टाचा शिक्का बसला.

पण अभ्यासाने विचारलेला प्रश्न वेगळा होता. नमुन्यातला विषाणू अजून जिवंत आहे का, एवढंच त्यांना बघायचं होतं. लागण झालीच नव्हती, असं त्यातून निघत नाही. चुलीत राख सापडली आणि निखारा सापडला नाही, म्हणून चूल पेटलीच नव्हती असं म्हणता येईल का? पीसीआर एकाच प्रश्नाचं उत्तर देते: हा जनुकीय तुकडा या नमुन्यात आहे का. माणूस आजारी आहे का, तो दुसऱ्याला लागण देईल का, हे दोन प्रश्न वेगळे. त्यांची उत्तरं लक्षणं, दिवस, सीटी आणि संपर्क एकत्र पाहूनच देता येतात. बरं झालेल्यांना नुसत्या ‘पॉझिटिव्ह’वर आठवडेच्या आठवडे डांबून ठेवलं गेलं, ते हे तिन्ही प्रश्न एकच मानल्यामुळे. मेसेज लिहिणाऱ्याने तीच गल्लत केली आहे, फक्त उलट्या दिशेने.

मग खरोखरीचे खोटे पॉझिटिव्ह किती? ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२० च्या उन्हाळ्यात, साथ ओसरलेली असताना, घरोघरचे स्वॅब तपासले. सहा आठवड्यांत २,०८,७३० नमुन्यांपैकी १५९ पॉझिटिव्ह. हे सगळेच्या सगळे खोटे होते असं धरलं, तरी निरोगी माणसाला निरोगी म्हणण्यात चाचणी ९९.९२ टक्के वेळा बरोबर ठरते.

तरीही एक गणित मेसेजवाल्यांच्या बाजूने मांडायलाच हवं. समजा दहा हजार माणसांत फक्त दहाजण बाधित आहेत आणि चाचणी शंभरात एकदा चुकते. बाधित दहा सापडतील, पण त्यांच्याबरोबर शंभरएक निरोगीही पॉझिटिव्ह ठरतील. साथ नसताना सरसकट चाचण्या केल्या की असं होतं, आणि म्हणूनच तेव्हा निकालाची दुसऱ्या पद्धतीने खातरजमा करतात.

ती केली नाही तर काय होतं, याचं उदाहरण मेसेजमध्ये नाही याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं, कारण त्यांच्या कामाचं तेच सर्वांत मोठं हत्यार होतं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या डार्टमथ-हिचकॉक वैद्यकीय केंद्रात खोकल्याची लाट आली. पीसीआरने डांग्या खोकला सांगितला. जवळजवळ हजार कर्मचाऱ्यांची तपासणी झाली आणि निकाल येईपर्यंत त्यांना कामावरून दूर ठेवलं गेलं, १४२ जणांना तुम्हाला डांग्या खोकला दिसतोय असं सांगण्यात आलं, हजारोंना प्रतिजैविकं आणि लस दिली गेली. मग जीवाणू वाढवून पाहिले, तर एकाही नमुन्यातून डांग्या खोकल्याचा जीवाणू उगवला नाही. साधा खोकला होता. एकाच पीसीआरवर विसंबल्याची ही फजिती उघड कुणी केली? कल्चर करणाऱ्या, म्हणजे जीवाणू वाढवून पाहणाऱ्या, प्रयोगशाळांनी आणि साथरोगतज्ज्ञांनीच. त्यांनी ती स्वतःहून छापलीही.

‘विषाणू वेगळा काढलाच नाही, चाचणी आपलंच गुणसूत्र पकडते’

पहिला भाग चटकन उरकू. जानेवारी २०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या नमुन्यांतला विषाणू मानवी श्वासमार्गाच्या पेशींवर वाढवला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याच महिन्यात मेलबर्नच्या डोहर्टी इन्स्टिट्यूटनेही तो वाढवला. ‘पेशी वापरल्या म्हणजे शुद्ध वेगळा काढला नाही’ असं म्हणणाऱ्यांना एकच सांगायचं: विषाणू पेशीबाहेर वाढतच नाही. त्याला नुसत्या बशीत वाढवून दाखवा म्हणणं म्हणजे माशाला जमिनीवर पोहून दाखव म्हणणं.

गुणसूत्राचा मुद्दा जास्त मजेदार आहे, कारण निरीक्षण खरं आहे. प्रायमर म्हणजे प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारा, डीएनएच्या अक्षरांचा छोटा तुकडा. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या पद्धतीतल्या अशा एका प्रायमरची १८ अक्षरं माणसाच्या आठव्या गुणसूत्रावर जशीच्या तशी सापडतात. चार अक्षरांच्या लिपीत १८ अक्षरांचे शब्द होतात सुमारे ६,८७२ कोटी, आणि माणसाच्या जनुकसंचात अक्षरं आहेत ३०० कोटी, तीही दोन्ही धाग्यांवर वाचायची. एखादा तुकडा योगायोगाने जुळण्यात नवल ते काय. पण प्रती व्हायला एक प्रायमर पुरत नाही. समोरासमोर दोन प्रायमर लागतात, तेही शे-दीडशे अक्षरांच्या अंतरात, आणि खूण उमटायला त्यांच्या मधोमध तिसरा तुकडा, म्हणजे प्रोब, बसावा लागतो. आठव्या गुणसूत्रावर हे त्रिकूट नाही. शिवाय प्रत्येक स्वॅबमध्ये माणसाच्या पेशी असतातच. चाचणी त्यांनाच पकडत असती तर निगेटिव्ह रिपोर्ट जगात कुणालाच मिळाला नसता.

‘फ्लूलाच कोविड म्हटलं’

जुलै २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, कळवलं की वर्षअखेर आपली जुनी पीसीआर किट आपण मागे घेणार, आणि प्रयोगशाळांनी कोविड व फ्लू एकाच वेळी तपासणाऱ्या किटकडे वळावं. याचा अर्थ ‘जुन्या किटला फ्लू आणि कोविड यांतला फरक कळत नव्हता’ असा लावला गेला. जुनं किट फ्लू शोधतच नव्हतं. त्यात फ्लूचा नमुना टाकला तर उत्तर यायचं ‘निगेटिव्ह’.

फ्लू गेला कुठे, हा प्रश्न मात्र रास्त आहे. तो शोधणं कुणी थांबवलं नव्हतं. २८ सप्टेंबर २०२० ते २२ मे २०२१ या काळात अमेरिकेतल्या रुग्णालयीन प्रयोगशाळांनी फ्लूसाठी ८,१८,९३९ नमुने तपासले आणि त्यांतले १,६७५ पॉझिटिव्ह निघाले, म्हणजे ०.२ टक्के. फ्लूचा एक रुग्ण सरासरी सव्वा-दीड माणसांना लागण देतो, मूळ कोरोना विषाणूचा अडीच-तीन जणांना. लोक घरी बसले, मुखपट्ट्या आल्या, विमानं थांबली, तशी फ्लूची साखळी आधी तुटली. इतकी, की बी-यामागाता नावाचा फ्लूचा एक वंश मार्च २०२० नंतर खात्रीने कुठेच सापडलेला नाही, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो लशीतून वगळायला सांगितलं. नुसती पाटी बदलून विषाणूचा वंश बुडत नाही.

‘चाचण्या थांबवा, साथ संपेल’

लंडनमध्ये १८४७ साली इन्फ्लुएंझाची साथ आली, तेव्हा मृत्यूंच्या नोंदींचा हिशेब ठेवणारे आकडेतज्ज्ञ विल्यम फार यांच्याकडे कसलीच चाचणी नव्हती. इन्फ्लुएंझाचा विषाणू माणसातून वेगळा काढला गेला तो १९३३ मध्ये. फार यांनी मृत्यूंच्या नोंदी घेतल्या आणि नेहमीपेक्षा किती जास्त माणसं दगावली ते मोजलं. तीच रीत आजही चालते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज १ कोटी ४९ लाख अतिरिक्त मृत्यूंचा आहे, आणि त्या काळात कोविडचे म्हणून नोंदले गेले होते सुमारे ५४ लाख. जिथे चाचण्या कमी झाल्या तिथे कागदावरचे मृत्यू कमी दिसले, प्रत्यक्षात झाले नाहीत.

चाचण्या वाढल्या की आकडा वाढतो, हे खरंच. म्हणून साथरोगतज्ज्ञ शंभरात किती पॉझिटिव्ह तेही बघतात, रुग्णालयात किती दाखल झाले ते बघतात, आणि अलीकडे गटारातलं पाणीही बघतात. न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड परगण्यात २०२२ च्या उन्हाळ्यात एका तरुणाला पोलिओमुळे लुळेपणा आला. पोलिओची लागण झालेल्या शेकडो माणसांत एखाद्यालाच असं होतं, बाकीच्या बहुतेकांना कळतही नाही, मग ते चाचणीला कशाला येतील? कोविडसाठी जमवलेले सांडपाण्याचे नमुने होते, ते पोलिओसाठी तपासले. त्या तरुणाला लक्षणं दिसण्याच्या काही आठवडे आधी, मे महिन्यात घेतलेल्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला.